दोन मिनिटांचें उड्डाण

अंकगणिताच्या पुस्तकांत एक उदाहरण हमखास आढळतें : अमुक वेगाची गाडी अमुक मैल किती वेळांत जाईल ? अंतराला वेगानें भागलें कीं उत्तर हातीं येतें. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन चिमुकल्या विमानतळांपाशीं मात्र हा हिशेब फसतो.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतलींच हीं दोन बेटें. मध्यें समुद्राची अरुंद पट्टी. एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचें हवाई अंतर पावणेदोन मैलांहूनहि थोडें कमी, म्हणजे २.७ किलोमीटर. मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब आहे !

लोगनेअर कंपनीनें ही फेरी १९६७ सालीं सुरू केली. तिच्यासाठीं वापरांत असलेलें 'आयलंडर' विमान दोन पंख्यांचें असून त्यांत आठ उतारू बसतात. ताशीं सुमारें २४० किलोमीटर हा त्याचा वेग धरला, तर हें अंतर चाळीस सेकंदांचें ठरतें. वेळापत्रकांत मात्र दोन मिनिटें लिहिलेलीं असतात. प्रत्यक्षांत बहुधा दीड मिनिट लागतें, आणि वारा अनुकूल असतां झालेला विक्रमसुद्धां ५३ सेकंदांचा आहे.

असें कां व्हावें ? विमान म्हणजे कांहीं रुळांवरची गाडी नव्हे. उडतांना आणि उतरतांना त्याला शक्यतों वाऱ्याला सामोरें जावें लागतें. वारा ज्या दिशेचा, त्या दिशेला आधीं तोंड. मुक्कामाची दिशा मागाहून. त्यामुळें कधीं सरळ जातां येतें, कधीं वळसा पडतो. शिवाय इतक्या थोड्या वाटेंत पुरता वेग येतो न येतो तोंच उतरण्याची तयारी करावी लागते. लांबच्या प्रवासांत हीं चढण्याउतरण्याचीं मिनिटें झांकून जातात. येथें सारा प्रवासच त्यांचा आहे.

कित्येक हौशी प्रवासी केवळ या नवलासाठीं तेथें जातात. परंतु पापा वेस्ट्रेवर २०११ च्या शिरगणतींत अवघीं नव्वद माणसें होतीं. मोठें इस्पितळ आणि मोठी शाळा कर्कवॉल या मुख्य शहरांत. कर्कवॉलहून निघालेलें विमान दोन्ही बेटांना शिवून परततें, आणि हें इवलेसें उड्डाण त्या फेरीचा एक टप्पा होय. फिरते शिक्षक त्यानें येतात, आजारी माणूस त्यानें शहराला जातो. ज्याला हें खेळणें वाटत असेल, त्यानें तेथें एक हिवाळा काढून पाहावा.

दाट धुकें उतरलें किंवा वादळ सुटलें, म्हणजे विमान येत नाहीं. मग दोन बेटांमधील बोटीची वाट पाहावयाची. तिला हेंच अंतर तोडण्यास सुमारें पंचवीस मिनिटें लागतात, आणि समुद्र फारच खवळला असला तर तीहि सुटत नाहीं.