चित्रातल्या बायकांची नावे

(परळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या गटाचे जुने फोटो मी नुकतेच लावायला घेतले. बरेचसे १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातले. पुढाऱ्यांच्या फोटोंमागे नाव, तारीख, सभेचे ठिकाण. लालबागच्या खोलीत भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या फोटोमागे मात्र एवढेच : 'खानावळवाली'. अक्षर माझेच होते.

मला दोन जुनी हस्तलिखिते आठवली. त्यांतली चित्रे मी छापील पुस्तकांत पाहिली आहेत.

पहिले इंग्लंडमधले, इ.स. १३२५ ते १३४० च्या सुमाराचे. जेफ्री लट्रेल या जमीनदाराने करवून घेतलेले ख्रिस्ती स्तोत्रांचे पुस्तक. पानावर लॅटिन स्तोत्रे आणि कडेच्या समासात रोजचे जगणे. एक बाई कोंबड्यांना दाणे घालते आहे, आणि तेव्हाही तिच्या काखेत सूत कातायची काठी आहेच. दुसरीकडे बायका वाकून विळ्याने पीक कापताहेत. त्यांतली एक क्षणभर कंबर सरळ करते आहे. भातकापणी केलेल्या कुणालाही ती ओळखू येईल. घोड्यावरच्या जमीनदाराच्या चित्राशी त्याचे नाव लिहिले आहे. या बाईचे नाव कुठेच नाही.

दुसरे आपल्या शेजारचे. पोर्तुगीज अमलात, १५४० च्या सुमारास, बहुधा गोव्यात तयार झालेला चित्रसंग्रह. आज तो रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात आहे. सत्तरहून अधिक चित्रे, पोर्तुगीज मथळे. एका चित्रात हिंदी ख्रिस्ती स्त्रिया आहेत आणि त्यांच्याकडे आलेला पोर्तुगीज पुरुष. मथळ्यात त्या स्त्रियांची ओळख काय? धर्म, आणि लग्न न झालेल्या. संपले.

कुणी म्हणेल, निदान चित्र तरी काढले! खरेच आहे. कोंबड्यांना दाणे घालतानाही बाईची सूतकताई सुटत नव्हती, हे त्या चित्रामुळेच कळते. पण चित्र जमीनदाराच्या पैशाने निघाले. कापणीनंतर तिच्या घरी किती धान्य गेले, ते त्यात नाही. बाई दिसली म्हणजे तिच्या श्रमाची नोंद झाली, असे होत नाही.

गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार अशा बायकांच्या हातचे जेवले. हे घरकाम नव्हे, हा धंदा आहे, हे मान्य करून घ्यायला संघटना लागली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा सावकाराच्या व्याजात अडकलेल्या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

आणि आपण, स्त्रियांचा इतिहास लिहायला निघालेल्या, त्यांना पुन्हा समासातच ठेवतो.

म्हणून विनंती. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला किंवा गटाचा एक फोटो आणावा. मागे त्या बाईचे नाव, गाव, चाळ, काम लिहावे, आणि ती हयात असेल तर तिला विचारून लिहावे. भाकरी थापणाऱ्या त्या बाईबद्दल मी विचारत फिरते आहे. दोघींनी दोन वेगळी नावे सांगितली. तिसरीकडे उद्या जाणार आहे.