समृद्धीचा आठवडा
(सदर, नागपूर येथील भाषण)



वर्तमानपत्राची निरनिराळी पाने एकत्र ठेवून वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही. पहिल्या पानावर राजकारण, आत कुठेतरी विज्ञान आणि साहित्य रविवारच्या पुरवणीत. डिसेंबर २०२२ मधील एक आठवडा मात्र तसा वाचायला हवा. नागपूरकरांनी तर अवश्य.

११ डिसेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी कस्तुरचंद पार्कपासून कामठी मार्गाने जाणारी मेट्रोही सुरू झाली. सदरला लागून असलेल्या गड्डीगोदामला रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे एकावर एक चार थर आहेत. हे अभियंत्यांचे व मजुरांचे कर्तृत्व होय. त्याला नाक मुरडणे करंटेपणाचे ठरेल.

दुसऱ्याच दिवशी राज्य शासनाने एक आदेश काढला. कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला ६ डिसेंबरला जाहीर झालेला एक लाख रुपयांचा पुरस्कार ‘प्रशासकीय कारणास्तव’ रद्द करण्यात आला, निवड समितीही बरखास्त झाली. आणि पुरस्कार कोणाच्या नावाचा? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या! यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष.

नक्षलवाद्यांच्या हिंसेचे समर्थन लोकशाही समाजवाद्याला करता येणार नाही. तथापि प्रश्न तो नव्हताच. ज्या पुस्तकावर बंदी नाही, जे राजरोस विकले जाते, त्याचा अनुवाद पुरस्कारयोग्य आहे, एवढेच समितीने म्हटले होते. हजारो कोटींच्या रस्त्याचे कंत्राट असे एका रात्रीत रद्द झाले असते, तर कंत्राटदाराने न्यायालयात नुकसानभरपाई मागितली असती, आणि शासनाने आधी चार वेळा विचार केला असता. अनुवादिकेपाशी आणि परीक्षकांपाशी असा कोणता करारनामा होता?

कोबाड यांच्या दिवंगत पत्नी अनुराधा नागपूर विद्यापीठात शिकवीत. त्यांचे वास्तव्य इंदोऱ्याच्या दलित वस्तीत होते. ११ डिसेंबरला निघालेली मेट्रो गड्डीगोदाम, कडबी चौक ओलांडून त्याच इंदोऱ्याला थांबते.

नीरजा आणि प्रज्ञा दया पवार यांनी मंडळाचे राजीनामे दिले, शरद बाविस्कर यांनी ‘भुरा’ला मिळालेला पुरस्कार नाकारला. १९ डिसेंबरला हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात आले. शिर्डीपासून पुढचा प्रवास आता बराच लवकर होत होता.