पैसा किती, समाधान किती
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचे शब्दांकन)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही जन्मभर पैसे मोजले, तेव्हा पैसा आणि समाधान या विषयावर तुम्हीच बोला." मी म्हटलं, अहो, मोजले ते लोकांचे! पण विषय मनातला होता म्हणून उभा राहिलो. उपदेश करणार नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत नोकरी झाली, तिथं जे पाहिलं ते सांगतो.

पैशानं सुख मिळत नाही, असं म्हणणाऱ्याच्या खात्यात साधारणपणे बरी शिल्लक असते, हा माझा काउंटरवरचा अनुभव आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाईला विचारा, आठवड्याच्या पगाराला काय किंमत होती ते. दवाखान्याचं बिल, मुलीची फी, सावकाराचा तगादा ही दुःखं पैशानंच मिटतात. तिथं वेदान्त सांगू नये. प्रश्न त्यापुढचा आहे.

1993 साली माझी नेमणूक लातूर जिल्ह्यात होती. 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली 52 गावं पार भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. त्या भागात दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं. ज्याची भिंत जाड तो घरंदाज. त्या रात्री तीच भिंत अंगावर आली. कुडाच्या, पत्र्याच्या झोपडीत झोपलेले बरेचसे वाचले. बापजाद्यांनी पै-पै जोडून उभी केलेली इस्टेट माणसाचा जीव घेते, हे मी तेव्हा पाहिलं.

मग मदतीचा पैसा आला. खाती उघडायला आम्ही टेबलं टाकून बसलो. ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्या नावावर मोठ्या रकमा जमा झाल्या. काहींनी बैलजोडी घेतली, विहीर खोदली. पण काही तरुण पोरांनी मोटरसायकली घेतल्या आणि संध्याकाळी दारूच्या दुकानावर रांग दिसू लागली. तेव्हा आम्ही त्यांना नावं ठेवायचो. आज वाटतं, ज्याचं सगळं घर एका पहाटेत गेलं, त्यानं पैसा कोणासाठी राखायचा होता?

एक आजी दर आठवड्याला यायच्या. मुलगा आणि सून गेलेले, एक नात वाचलेली. पैसे काढायच्या नाहीत. पासबुक पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, वाचून दावा." मी रक्कम वाचायचो. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात माज्या लेकाचं नाव कुटं हाय?" मी म्हटलं, "आजी, खातं तुमच्या नावावर आहे, त्यांचं नाव येत नाही." त्या म्हणाल्या, "पैसं तर त्याचंच हायत की." एवढं बोलून पासबुक पिशवीत घालून गेल्या. नियम माझ्या बाजूनं होता, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढं त्यांनी थोडे पैसे काढले ते नातीच्या शाळेसाठी. मग माझी बदली झाली.

या आजी मला अलीकडे पुन्हा आठवल्या. डॅनियल कानेमान नावाचे नोबेल मिळालेले अभ्यासक होते. त्यांनी आणि अँगस डीटन यांनी 2010 साली अमेरिकेतल्या पाहणीवरून सांगितलं, की वर्षाला साधारण 75,000 डॉलर मिळकतीपर्यंत रोजचं सुख वाढतं, पुढं वाढत नाही. 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ या दुसऱ्या अभ्यासकानं दाखवलं, की पुढंही वाढतं. दोघांचा मेळ बसेना. मग भांडत न बसता दोघांनी मिळून आकडे तपासले आणि 2023 साली निष्कर्ष मांडला: बहुतेकांचं सुख मिळकतीबरोबर वाढत राहतं, पण जे मुळात दुःखी आहेत, त्यांचं दुःख पैशानं एका हद्दीपर्यंतच कमी होतं. जवळचं माणूस गेल्याचं दुःख त्या हद्दीपलीकडचं. माझ्या आजींना हे इंग्रजी पेपर न वाचता ठाऊक होतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. 2000-01 साली सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरात लाखभर लोक बाहेर पडले, त्यात मीही. त्या पैशातून आपल्या सोसायटीतला हा फ्लॅट झाला. त्याच सुमारास आमच्या सौभाग्यवतींना माहेरच्या जमिनीचा वाटा मिळाला. आईला घेऊन काशीला जायचं, एवढीच तिची इच्छा. मी म्हटलं, घाई कशाला, दोन वर्षं ठेवू, व्याजातच यात्रा होईल. आणि दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ती रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं, हे मी जन्मभर शेतकऱ्यांना बजावत आलो होतो. दीड वर्षात संस्थेला कुलूप लागलं. पुढं थोडे थोडे करून निम्मे पैसे मिळाले. पण तोवर सासूबाई राहिल्या नव्हत्या.

हिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे. वीस-बावीस वर्षं जे घरात बोलायला जमलं नाही ते आज माईकवरून बोलतो: चुकलं माझं. पैशाला व्याज लागतं तसं वेळेलाही लागतं, आणि ते उलटं चढतं, हे बँकेतल्या माणसाला कळायला हवं होतं.

शेवटचा मुद्दा. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरला पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. आमचे एक स्नेही तिथं राहतात. तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या. ते घागर घेऊन रांगेत उभे होते. मला म्हणाले, "रांगेत शेजाऱ्यांची नावं पहिल्यांदा कळली." नोटांनी टाकी भरत नाही, धरण, रेल्वे, टँकर आणि शेजारी असं सगळ्यांनी मिळून ती भरते.

आपली सोसायटी म्हणजे तेच. पंचवीस वर्षांत पार्किंगवरून आपण किती भांडलो! मेंटेनन्सची थकबाकी तर विचारूच नका. (थकबाकीदारांनी खाली बघू नये, मी नावं घेणार नाही.) पण कोविडच्या काळात कुणाच्या दाराशी डबा ठेवला गेला नाही, असं एकही घर मला आठवत नाही. त्याची नोंद ताळेबंदात सापडणार नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी सांगतो. एक, खात्यावर आणि फ्लॅटवर नॉमिनेशन केलं नसेल तर या महिन्यात करा, आणि कागद कुठल्या कपाटात आहेत ते घरातल्या माणसाला सांगा. दुसरी, घरातल्या कुणाची काही इच्छा पैशासाठी पुढं ढकलली असेल, तर तिची तारीख आज ठरवा.

आमची ठरली आहे. दिवाळीनंतर काशीची तिकिटं काढली आहेत. आई नाहीत, पण त्यांचं नाव घेऊन गंगेत दिवा सोडू.