शत्रूचा शत्रु

शत्रूचा शत्रु तो आपला मित्र, असें राजनीतीचें जुनें वचन आहे. रोगांच्या राज्यांत मात्र तें नेहमींच खरें ठरत नाहीं.

दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत वाळूमाशीच्या दंशाबरोबर लीश्मानिया नांवाचा एकपेशीय जंतु मनुष्याच्या त्वचेंत शिरतो. तेथें व्रण होतो. बहुधा तो कालांतरानें भरून येतो. परंतु कांहीं रोग्यांत हा जंतु नाकातोंडाच्या आंतील त्वचेपर्यंत पोहोंचतो आणि चेहरा कायमचा विद्रूप करून टाकतो.

ह्या जंतूच्या ‘गयानेन्सिस’ जातीच्या पोटांत पुष्कळदां एक विषाणु वस्तीस असतो. तो आपल्या यजमानास मारीत नाहीं. उलट त्याच्या पथ्यावर पडतो. २०११ सालीं लोझान येथील संशोधकांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं ह्याचें मर्म उघड केलें. शरीराच्या रक्षकपेशीनें गिळलेल्या जंतूंपैकीं कांहीं मरतात व त्यांतील विषाणूचें दुपदरी आरएनए बाहेर पडतें. तें ओळखून टीएलआर-३ हा पेशींतील पहारेकरी विषाणूविरुद्ध हांक देतो. दाह भडकतो, जंतूचें मात्र फावतें. हा पहारेकरी नसलेल्या उंदरांत रोग सौम्य राहिला!

फ्रेंच गयानांतील रोग्यांविषयीं २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, जंतूंत विषाणु असल्यास पहिला औषधोपचार निष्फळ ठरण्याचा धोका अधिक दिसला. सर्वच ठिकाणच्या पाहण्यांत असा संबंध आढळलेला नाहीं. तथापि रोग्याच्या शरीरांत कोणता जंतु आहे, एवढें विचारून वैद्याचें काम संपत नाहीं. त्या जंतूच्या पोटांत कोण दडलें आहे, हेंहि त्यास पाहिलें पाहिजे.