पांगुळगाडा

माझा नातू पंधरा महिन्यांचा झाला तरी आधारावाचून पाऊल टाकीना, तेव्हा बंगळूरच्या त्या सातव्या मजल्यावरील घरात चिंतेचे सावट पसरले. वास्तविक आठव्या महिन्यातच त्याच्यासाठी चाकांची बैठकगाडी आणलेली होती. मूल तीत बसते, चवड्यांनी जमीन रेटते आणि खोलीभर हिंडते. पाहणाऱ्यांना वाटते, आता हे चालू लागणार! परंतु भार बैठकीवर असतो, पायांवर नव्हे. तोल सावरण्याचा अभ्यास होतच नाही. जिन्यावरून घरंगळून मुले जखमी होतात म्हणून कॅनडाने २००४ साली या गाड्यांवर बंदीच घातली.

डॉक्टरांनी नातवाला तपासले आणि आम्हांला धीर दिला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत स्वतंत्र चालण्याचा काळ सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. काही मुले तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. ‘त्याला जमिनीवर सोडा,’ एवढेच डॉक्टर म्हणाले.

हे आपल्या आज्यांना कोणी शिकवले होते? लांब केलेल्या पायांवर पालथे घालून त्या बाळाला तेल लावीत, तेव्हा ते मान उचली. पाठ व खांदे बळकट होत. याच संघटनेने २०१९ मध्ये, न रांगणाऱ्या तान्ह्यांना जागेपणी दिवसातून किमान अर्धा तास पालथे खेळू द्यावे, असे सांगितले. वर्षानंतर तर दिवसाकाठी तीन तासांची हालचाल हवी. आमच्याकडे तो वेळ भ्रमणध्वनीच्या पडद्याने खाल्ला होता, आणि त्यात माझाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे.

मग मी चन्नपट्टणला गेलो. म्हैसूरच्या वाटेवर साठेक किलोमीटरवरचे हे गाव. तेथे कातावर फिरणाऱ्या हलक्या लाकडावर रंगीत लाख चढवितात आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. तेथून एक पांगुळगाडा आणला. यात बसायचे नसते. उभे राहून, दांडा धरून, आपला भार आपणच वाहत तो ढकलायचा असतो. तोल गेला की मूल पडते, आणि पडण्यातूनच तोल शिकते. गुळगुळीत फरशीवर पाय निसटू नयेत म्हणून मोजे काढून टाकले.

सतराव्या महिन्यात, कब्बन उद्यानाच्या हिरवळीवर, एका कावळ्याच्या मागे त्याने चार पावले टाकली. पाचव्याला बसला. सून धावली, मी तिला हाताने थांबविले. तो दोन्ही तळवे गवतावर टेकून उठला आणि पुन्हा कावळ्याकडे निघाला.