पाताळातून परत आलेला दगड

आमच्या गटात बचतीचा हिशेब झाला, की एखादा नवा विषय समजून घ्यायची रीत आहे. या वेळी आम्ही दगड घेतला.

गारगोटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. शास्त्रात तिला क्वार्ट्‌झ म्हणतात. ती जमिनीखाली सुमारे ९० किलोमीटर खोल गेली, तर वरच्या भाराने तिची घडण आवळली जाते आणि तिचं कोएसाइट होतं. हे खनिज १९५३ साली आधी प्रयोगशाळेत तयार झालं. १९८४ साली ते आल्प्स आणि नॉर्वेच्या डोंगरातल्या खडकांत सापडलं. जमिनीवरचा खडक इतका खोल जाऊन परत येतो, याचा तो पुरावाच.

आपल्या देशात ते लडाखला, त्सो मोरिरी सरोवराच्या भागात सापडलं. पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी उत्तरेला सरकत आशियाला भिडली, तिची कड खाली गेली. पण तो खडक भोवतालच्या खडकापेक्षा हलका. पाण्यात दाबलेला भोपळा उसळावा, तसा तो वर आला.

वर येताना दाब सुटतो, कोएसाइटची पुन्हा गारगोटी होऊ लागते. मग थोडं तरी उरलं कसं? लाल गार्नेटच्या पोटात ते अडकलं होतं. कुकरच्या घट्ट झाकणासारखं गार्नेटने दाब धरून ठेवला, पाणी आत जाऊ दिलं नाही. खडक वर आलाही लवकर. जिथे कोएसाइट फुगलं, तिथे गार्नेटला चांदणीसारखे तडे गेले. त्या तड्यांवरूनच शास्त्रज्ञ ते ओळखतात.

आमच्या एका ताईंनी विचारलं, "लडाखच्या दगडाचं आपल्याला काय?"

आपला काळा कातळ लाव्हारसाचा, त्यात कोएसाइट मिळणार नाही. पण भारताची भूमी अजून उत्तरेला रेटते आहे. त्या रेट्याचा ताण आपल्या पायाखालीही साठतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपामागे शास्त्रज्ञ हेच कारण सांगतात. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या, हजारो जीव गेले.

म्हणून बायांनो, घरासाठी कर्ज काढाल, तेव्हा गवंड्याला आधी विचारा: चारही भिंतींना बांधणारा सिमेंट-सळईचा सलग पट्टा घालणार ना? रंग, फरशी नंतरही होईल. पट्टा मात्र बांधतानाच घालायचा असतो.