बिल्ला क्रमांक ०३२३३

श्रोतेहो, जानेवारी २०२५मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी गुहागरला अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा बिल्ला होता, क्रमांक ०३२३३. तो २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला! श्रीलंकेला वळसा घालून म्हणा, किंवा पांबनच्या चिंचोळ्या वाटेने म्हणा, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून ती कोकणात पोचली. दोन्ही किनाऱ्यांची कासवे वेगळी, असे तोवर मानले जाई.

वाट कशी सापडते? पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता आणि कल जागोजागी बदलतात. समुद्री कासवांना ते जाणवते, हे फ्लोरिडातल्या पिल्लांवरील प्रयोगांत दिसले आहे. पण ही विद्या खोल पाण्यातली. त्याआधी वाळू ओलांडायची असते, आणि तिथे मुख्य वाटाड्या म्हणजे समुद्राकडचा उजेड. मागे एखाद्या हॉटेलचा झगझगीत दिवा असला, की बिचारे पिल्लू उलटेच चालू लागते. मग कुत्री आहेत, कावळे आहेत.

म्हणून तर आपले कासवमित्र अंडी कुंपणात नेऊन जपतात आणि पिल्ले पाण्याजवळ सोडतात. त्या मादीच्या अंड्यांतूनही शंभरावर पिल्ले समुद्रात गेली.